रुमालाखालची साखळी

मी एक जुनी साखळी आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझी हकिगत ऐकताना मध्येच तुम्हांला माझा राग येईल. येऊ दे. मलाही आला होता. पण मित्रांनो, शेवटपर्यंत ऐका. ही माझ्या हरण्याची गोष्ट आहे, आणि मी हरले याचा मला आजही इतका आनंद होतो की जिंकणाऱ्यांनी माझा हेवा करावा.

साखळी म्हटल्यावर तुम्हांला झोपाळ्याची आठवेल, सायकलची आठवेल. मी त्यांतली नव्हे. मी कुत्र्याच्या गळ्यात घालायची. बाजारात मला चोक चेन म्हणतात. माझ्या दोन्ही टोकांना एकेक गोल कडी आहे. एका कडीतून मलाच ओवून घेतलं की फास तयार होतो. दोरी ओढली की मी आवळते, सोडली की सैल पडते. एवढंच माझं काम, आणि ते मी बिनबोभाट करायचे.

माझा जन्म कांदिवलीच्या चारकोपातला. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही शेकड्यांनी तयार व्हायचो. जयंती नावाची बाई आम्हांला पॉलिश करायची. तिने मला उजेडात धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ गं, पैंजणासारखी चमकतेय!" झालं. तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून बसले. मला वाटायचं, आपण दागिना आहोत.

तिथून मी अंधेरीच्या एका दुकानात गेले आणि दुकानातून थेट टीव्हीवर. हसू नका, खरंच सांगते. 'बस एक इशारा' नावाचा कार्यक्रम लागायचा. हिंदीत होता, पण मराठीतही आवाज भरून दाखवायचे. त्यात मास्टर चंद्रप्रकाश नावाचा रुबाबदार गृहस्थ लोकांच्या घरी जाऊन त्यांची वांड कुत्री बावीस मिनिटांत सुधारून दाखवायचा. त्यासाठी त्याच्या माणसांनी अकरा साखळ्या घेतल्या. त्यांतली मी सगळ्यांत लाडकी, कारण माझ्या कड्या इतक्या गुळगुळीत होत्या की ओढताना मी वाजत नसे. माइकवाले म्हणायचे, "ती गुपचूपवाली आणा."

आता मास्टरची पद्धत सांगते. पडद्यावर तुम्हांला दिसायचं, की भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर मास्टर उभा राहतो, उजव्या हाताचं एक बोट वर करतो, तोंडाने "श्शट्" असा आवाज काढतो आणि कुत्रा खाली बसतो. टाळ्या! कुत्र्याच्या गळ्यात छानसा रंगीत रुमाल बांधलेला असायचा. गोजिरवाणा दिसायचा तो. त्या रुमालाखाली मी असायचे. माझ्या कडीला काळी बारीक दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक मास्टरच्या डाव्या हातात. कॅमेरा नेहमी त्याच्या कमरेच्या वर. बोट वर आणि दोरीला हिसका, दोन्ही एकाच क्षणी. लोकांना बोट दिसे. कुत्र्याला मी कळायचे.

मास्टर राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. तो कुत्र्यांना स्वतःच्या हाताने पाणी पाजायचा. त्याला असंच शिकवलं गेलं होतं, की कुत्र्याला आधी त्याची जागा दाखवायची, मग तो सुखी होतो. त्याचा त्यावर विश्वास होता. पण विश्वास होता तर मला रुमालाखाली का लपवायचा? हा प्रश्न मला पडायला फार वर्षं लागली, कारण मी कौतुकात न्हात होते.

पण गळ्याभोवती राहणाऱ्याला काही गोष्टी कळतातच. शांत झालेला कुत्रा सैल होतो, त्याचा श्वास खाली पोटात जातो. गप्प झालेला कुत्रा ताठ असतो, आवंढे गिळतो, आणि त्याची नाडी माझ्या कड्यांवर टकटकत राहते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मी ज्यांच्या गळ्यात होते ते सगळे कुत्रे गप्प होते. शांत एकही नव्हता. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मला विचारलंही नाही कोणी.

असं सगळं झकास चाललं असताना मास्टरच्या गाडीने मला पुन्हा चारकोपला आणलं. माझ्या माहेरी! पण गाळ्यात नव्हे, एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, वनमालाबाईंच्या घरी.

वनमालाबाई मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. त्यांनी एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करून मुलाला वाढवलं. तो मुलगा सुबोध आता पवईला एका ऑफिसात नोकरीला. घरात तिसरा बोंबील. बोंबील म्हणजे कुत्रा. गावठी, पिवळसर, एक कान उभा आणि एक पडलेला. पिल्लू असताना मच्छीवालीच्या पाटीतला सुका बोंबील पळवून तो थेट वनमालाबाईंच्या दारात येऊन बसला आणि तिथलाच झाला.

बोंबील गुणी होता, फक्त हेल्मेट दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. लहानपणी कोणा हेल्मेटवाल्याने त्याला लाथ घातली होती, असं वनमालाबाई सांगत. आणि सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव स्कूटरवरून उतरून हेल्मेट डोक्यावर ठेवूनच जिने चढायचे. बोंबील आधी गुरगुरायचा, मग भुंकायचा. कुंडलिकराव काही थांबायचे नाहीत. एक दिवस त्याने त्यांची पँट टरकावली. सोसायटीचं पत्र आलं, 'दीड महिन्यात कुत्रा सुधारा, नाहीतर बाहेर पाठवा.' सुबोधने घाबरून मास्टरच्या कार्यक्रमाला फॉर्म भरला.

शूटिंगची तारीख मिळाली नेमकी गुढीपाडव्याची.

"आज सणाच्या दिवशी? दुसरा दिवस नाय मिळत त्यांका?" वनमालाबाई म्हणाल्या.

"आई, त्यांच्या तारखा अशा बदलत नाहीत गं. सहा तासांचा तर प्रश्न आहे," सुबोध म्हणाला.

वनमालाबाईंनी पहाटेच उठून बाल्कनीत गुढी उभारली होती. हिरवी नऊवारी, वर तांब्या, कडुलिंबाची डहाळी, झेंडूचा हार आणि साखरेची गाठी. कॅमेऱ्याच्या माणसाने ती बाजूला करायला हात घातला, तेव्हा दिग्दर्शक ओरडला, "रहने दो, रहने दो! कलरफुल है." वनमालाबाईंनी तर त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने हात मागेच घेतला.

आता ऐका गंमत. टीव्हीच्या धंद्यात शेवट आधी काढतात. सकाळी कुत्रा ताजातवाना असतो, घर नीटनेटकं असतं, म्हणून 'सुधारलेला' कुत्रा आधी चित्रित करायचा आणि 'बिघडलेला' नंतर. सकाळी नऊ वाजता बोंबील गुढीजवळ ऊन खात पसरला होता; वनमालाबाई स्वयंपाकघरात होत्या आणि सुबोध खालून सामान चढवायला मदत करत होता. मास्टर त्याच्या शेजारी बसला, पाठीवरून हात फिरवला, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "एकवीस दिवसांपूर्वी हा कुत्रा चावरा होता. आज बघा." बोंबलाने शेपटी हलवली. तोवर मी पेटीतच होते. मला कोणी हातही लावला नव्हता.

दुपारी दोन वाजता 'पहिला दिवस' सुरू झाला. घरच्यांसमोर कुत्रं लाडात येतं, असं सांगून वनमालाबाईंना आतल्या खोलीत बसवलं आणि सुबोधला कॅमेऱ्यामागे उभं केलं. एका माणसाला हेल्मेट घालून दारावर धडाधड मारायला लावलं. बोंबील गुरगुरला. पुरेसं नव्हतं. मग त्या माणसाने टेबलाखाली दडलेल्या बोंबलाला काठी घालून डिवचलं. बोंबील भुंकत उसळला, आणि मास्टर म्हणाला, "गुपचूपवाली द्या."

मित्रांनो, मी माझं काम केलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी बोंबील ओरडला, आणि तो ओरडा माझ्यातून गेला. आतल्या खोलीतून वनमालाबाई, "काय केलंत रे माझ्या झिलाक, माझ्या पोराक?" म्हणत धावत आल्या. तोवर रुमाल नीट बसवून झाला होता आणि बोंबील खाली बसलेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची नाडी माझ्या कड्यांवर इतकी धडधडत होती, की त्या टाळ्या मला ऐकूच आल्या नाहीत. कौतुक नकोसं होण्याची माझी ती पहिली वेळ.

जाताना मास्टरने मला सुबोधच्या हातात ठेवलं. "रोज वापरा. गुरगुरला की हिसका. तीन आठवड्यांत फरक बघा."

सूर्य मावळायच्या आत वनमालाबाईंनी हळदकुंकू वाहून गुढी उतरवली. कडुलिंब उन्हाने पार मलूल झाला होता.

पुढचे तीन आठवडे मी सुबोधच्या हातात होते. सुबोधसारखा प्रेमळ मुलगा विरळा, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. तो ओढायचा आणि लगेच म्हणायचा, "सॉरी रे बोंबल्या, तुझ्यासाठीच करतोय ना." बोंबलाचं गुरगुरणं खरंच बंद झालं. कुंडलिकराव हेल्मेट घालून गेले तरी तो आवाज काढत नसे. सोसायटीत सुबोधचं कौतुक झालं. मला तेवढं कळत होतं, की हेल्मेट दिसताच गळा ताठ होतो, आवाज वर येतो आणि माझ्यापाशी येऊन अडतो. रोज येतो आणि रोज अडतो.

बाविसाव्या दिवशी सकाळी सुबोध मला हातात घेऊन वाकला. बोंबील गुरगुरला नाही, भुंकला नाही. त्याने सरळ सुबोधच्या मनगटाला दात लावले.

चावा खोल नव्हता, पण सुबोध जमिनीवर बसून रडला. मनगटासाठी नाही. "आई, मला चावला गं. मला!" एवढंच तो म्हणत राहिला. बोंबील पलंगाखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

सुबोधने कार्यक्रमाच्या ऑफिसला फोन केला. तिथून सांगण्यात आलं, "शंभरात एखादा कुत्रा असा निघतो. आमच्या कॅम्पला पाठवा, तीन महिने. पुढच्या रविवारी गाडी येईल." सोसायटीच्या कमिटीनेही तेच ठरवलं. कॅम्पहून परतलेला एक कुत्रा मी पाहिला होता. तो बस म्हटलं की बसायचा, आणि ऊठ म्हणेपर्यंत पाण्याच्या भांड्याकडेही बघायचा नाही. बोंबलाचं तसं होणार होतं, आणि हातात फक्त दहा दिवस होते.

वनमालाबाईंना मात्र वेगळीच काळजी लागली होती. बोंबील खाताना खोकत होता. दुसऱ्या दिवशी त्या सुबोधला घेऊन बोरिवलीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर ऋता तरुण होती, बोलायला फटकळ. तिने बोंबलाचा गळा बोटांनी हळूहळू चाचपला. मग मला उचललं.

"हे घालता याला?"

"टीव्हीवर दाखवतात ना," सुबोध म्हणाला. "मास्टर चंद्रप्रकाश..."

"हात पुढे करा." तिने मला त्याच्या कोपराखाली अडकवलं आणि दोरी त्याच्याच दुसऱ्या हातात दिली. "आता ओढा. घरी ओढता तेवढंच. कमी नाही."

सुबोधने ओढलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आजवर मी माणसाच्या अंगाला कधी लागलेच नव्हते.

"गळ्याला सूज आहे, ती उतरेल," ऋता म्हणाली. "पण ऐका. गुरगुरणं म्हणजे तो तुम्हांला सांगत होता, मला भीती वाटते, जरा थांबा. तुम्ही त्याला सांगितल्याची शिक्षा दिलीत. मग त्याने सांगणं सोडलं. भीती गेली कुठे? ती आहे तिथेच आहे. म्हणून न सांगता चावला."

सुबोधने मला हातातून काढून टेबलावर ठेवलं. वनमालाबाई म्हणाल्या, "तां झाला. आता काय करूचा, तां सांग. दहा दिसांत त्याका न्यायला गाडी येतली."

"साखळी बंद. हेल्मेट लांब ठेवायचं, इतकं लांब की त्याला भीती वाटणार नाही. हेल्मेट दिसलं की त्याच्या सगळ्यांत आवडीचा खाऊ. रोज थोडं थोडं जवळ. गुरगुरला तर रागवायचं नाही, आपणच मागे सरकायचं. दहा दिवसांत जादू होणार नाही, आधीच सांगते. पण सुरुवात होईल. काय आवडतं याला?"

"ह्याचा नाव बोंबील ठेवलाय, डॉक्टरबाई!" वनमालाबाई म्हणाल्या, आणि त्या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

त्या दिवसापासून मला दाराजवळच्या खुंटीवर टांगलं आणि मी नुसती बघत राहिले. सुबोधने कुंडलिकरावांकडून जुनं हेल्मेट मागून आणलं. पहिल्या दिवशी ते बाल्कनीच्या टोकाला आणि बोंबील स्वयंपाकघरात. हेल्मेट दिसलं की सुक्या बोंबलाचा तुकडा. हेल्मेट झाकलं की तुकडे बंद. चौथ्या दिवशी हेल्मेट हॉलमध्ये आलं. सहाव्या दिवशी चपलांच्या कपाटावर. आठव्या दिवशी सुबोधने ते डोक्यावर घातलं, आणि बोंबलाने मान वाकडी करून पाहिलं, जणू म्हणत होता, अरे, हा तर आपला सुबोध! साऱ्या जिन्यात सुक्या बोंबलाचा वास दरवळायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी त्याचीही तक्रार केली. वनमालाबाईंनी त्यांना सांगितलं, "शाळा भरलीय माझ्याकडे. दहा दिस कळ काढा."

मित्रांनो, माझी खुंटी दारापाशीच होती. तिथून मला बोंबलाचा गळा दिसायचा. सुजेचा ताठपणा कमी होत होता. श्वास खाली पोटात जायला लागला होता. असा गळा मी आजवर कधी जवळून पाहिला नव्हता. पण एक गोष्ट राहिली होती. तो अजून गुरगुरला नव्हता. आवाज अडलेला तो अडलेलाच.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता बोंबलाचा भाग टीव्हीवर लागणार होता. कुंडलिकरावांनी सोसायटीच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावला, वेफर्स आणले. तेही कार्यक्रमात दिसणार होते ना! त्यांची फाटलेली पँट त्यांनी मुद्दाम कॅमेऱ्याला दाखवली होती. वनमालाबाई मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यांना परत करायचं त्यांनी ठरवलं होतं. पिशवी त्यांच्या मांडीवर, आणि मी तोंडाशीच होते.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'पहिला दिवस'. हेल्मेटवाला, धडाधड दार, भुंकणारा बोंबील. काठी कुठेच नव्हती. ओरडा कुठेच नव्हता, त्या जागी ढोल वाजत होता. बोट वर, "श्शट्", बोंबील खाली. मग अक्षरं आली, 'एकविसावा दिवस', आणि ऊन खात पसरलेला बोंबील. मास्टर म्हणाला, "एकवीस दिवसांपूर्वी हा कुत्रा चावरा होता."

ऑफिसात टाळ्या पडल्या. वनमालाबाई मात्र पुढे सरकून बघत होत्या. त्यांनी मोठ्याने विचारलं, "ती मागे काय उभी आसा?"

"गुढी आहे ना, आई," सुबोध म्हणाला.

"पहिल्या दिवशी काय उभी होती?"

सुबोध उठून पडद्याजवळ गेला. कुंडलिकरावांनी वेफर खाली ठेवला. कोणीतरी मोबाइलवर तोच भाग मागे नेऊन लावला. पहिला दिवस, गुढी. एकविसावा दिवस, गुढी. तीच हिरवी नऊवारी, तोच हार, तीच गाठी.

"अरे, माझी गुढी एकवीस दिस उभी होती काय रे?" वनमालाबाई कडाडल्या. "दिवेलागणीच्या आधी उतरवलंय मी तिका! ह्या हातांनी!"

हा कार्यक्रम जोडणारा माणूस कुठल्या दूरच्या शहरात बसून काम करत असेल. त्याला ती बाल्कनीतली शोभेची रंगीत काठी वाटली असणार. पण चारकोपच्या त्या खोलीत गुढी किती दिवस उभी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लता नावाची शेजारीण तर खुर्चीवरून उठलीच. "अगं, आणि कडुलिंब बघा! पहिल्या दिवशी सुकलेला, आणि एकविसाव्या दिवशी हिरवागार!"

एवढा हशा पिकला की टीव्हीचा आवाज बुडाला. कुंडलिकराव एकटे हसत नव्हते. ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी अकरा वाजता मी हेल्मेट न घालता तुमच्याकडे श्रीखंड खाऊन गेलो, वनमालाताई. कुत्रा तेव्हा पायाशी झोपलेला. म्हणजे सुधारलेला कुत्रा आधी, आणि पिसाळवलेला नंतर?"

"काठीने डिवचला त्याला. मी बघितलं होतं," सुबोध म्हणाला.  "मला वाटलं, ट्रेनिंग असंच असतं."

रविवारी सकाळी गाडी आली. कॅम्पला जाणाऱ्या कुत्र्याचा आणखी एक भाग होईल म्हणून मास्टर स्वतः कॅमेरा घेऊन आला होता. खाली सोसायटीच्या आवारात ही गर्दी. वनमालाबाई बोंबलाला साध्या पट्ट्याने घेऊन उतरल्या. त्यांनी मला मास्टरपुढे धरलं.

"ही तुमची साखळी. घाला त्याच्या गळ्यात. पण रुमाल नको. आणि कॅमेरा खाली करा, तुमचे दोन्ही हात दिसू देत."

मास्टरने मला घेतलं नाही. "माँजी, कुत्रा चावलाय. तुमचं हेल्मेट-बिल्मेट चालू आहे ते मला कळलंय. सुधारला असेल तर दाखवा सगळ्यांसमोर. कोण घालतंय हेल्मेट?"

 सुबोध पुढे झाला, पण मास्टर म्हणाला, "घरचा नको. बाहेरचा हवा."

तेव्हा कुंडलिकरावांनी स्कूटरवरचं हेल्मेट उचललं आणि डोक्यावर घातलं. हनुवटीखालचा पट्टा त्यांनी दोनदा घट्ट केला, मला वनमालाबाईंच्या हातातून स्पष्ट दिसलं. ते एक पाऊल पुढे आले. दुसरं टाकलं. बोंबलाचा गळा ताठ झाला. आणि मित्रांनो, त्या गळ्यातून आवाज निघाला. खोल, खरखरीत, बारीकसा. महिन्याभरानंतर बोंबील गुरगुरला!

"बघा!" मास्टरने कॅमेऱ्याला खूण केली. "गुरगुरतोय! फेल!"

"फेल?" वनमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या. "अरे मेल्या, बोलतोय तो! बोलायला लागला परत!"

कुंडलिकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गुरगुरण्याचं ऐकलं. ते थांबले. दोन पावलं मागे गेले. मग कुत्र्याकडे न बघता, बाजूला तोंड करून खाली बसले, खिशातून सुबोधने दिलेला सुक्या बोंबलाचा तुकडा काढला आणि फरशीवर ठेवला. कोणी हललं नाही. बोंबलाने वास घेतला. त्याचा श्वास खाली गेला. तो स्वतःच्या पायांनी, सैल पट्ट्याने पुढे गेला, तुकडा घेतला, मग हेल्मेटच्या काचेला नाक लावलं आणि फटकन शिंकला.

असल्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. इतकी वर्षं टीव्हीवर काढली, पण या टाळ्या खऱ्या होत्या, आणि त्यांत माझा काहीही हात नव्हता. म्हणूनच त्या मला कड्याकड्यांतून ऐकू आल्या. कुंडलिकराव काचेवरची शिंक पुसत उठले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "गाडी परत न्या. हा सोसायटीचा मेंबर आहे." सुबोध आवारातच फतकल मारून बसला आणि बोंबील त्याच्या मनगटावरची ती जुनी जागा चाटत राहिला.

पुढचं सगळं भराभर झालं. गुढीची ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावून लताने मोबाइलवर टाकली. मग वाकोल्याहून, मुलुंडहून, घाटकोपरहून लोक लिहायला लागले, 'आमच्याकडेही शेवट आधी काढला', 'आमच्या कुत्र्याच्या रुमालाखालीही साखळी होती'. कार्यक्रमाला पडद्यावर दिलगिरी छापावी लागली, आणि काही आठवड्यांत तो बंदच पडला.

माझं काय झालं? वनमालाबाई मला खाडीत फेकणार होत्या. ऋताने मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या दवाखान्यात खिळ्याला टांगलेली आहे. कुत्र्याला साखळी हवी म्हणून कोणी आलं, की ती म्हणते, "आधी हात पुढे करा." कुत्र्याच्या गळ्यात मी पुन्हा गेले नाही. माणसांच्या हातांना मात्र रोज लागते, आणि दुसऱ्यांदा मला कोणी मागितलेलं नाही. यशस्वी म्हणतात ते हेच असावं.

मागच्या आठवड्यात दुपारी एक गृहस्थ आला. बरोबर कॅमेरा नव्हता, माणसं नव्हती, फक्त एक भेदरलेलं पिल्लू. मी त्याला हातावरून ओळखलं. ऋतानेही ओळखलं, पण तिने बाकी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. मास्टर चंद्रप्रकाशने बाही वर केली. इतकी वर्षं मी त्याच्या मुठीत होते, पण त्याच्या अंगाला तेव्हा पहिल्यांदा लागले. त्याने स्वतःच ओढलं, नेहमीच्या सवयीने, पूर्ण जोराने. फास सैल करून त्याने हातावर उमटलेल्या वळावरून अंगठा फिरवला.

मग म्हणाला, "आता मी काय करू, डॉक्टर?"

ऋताने त्याच्याकडे खुर्ची सरकवली. "बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत एखादा मुका जीव असेल, तर माझं एवढंच ऐका. त्याला गप्प करायची घाई करू नका. तो काही सांगत असेल, तर दोन पावलं मागे या आणि ऐकून घ्या. आणि कोणी तुम्हांला सांगितलं, की हे त्याच्या भल्यासाठी आहे, याने त्याला काही होत नाही, तर आधी ते आपल्या हाताला बांधून बघा. मी खिळ्यावरच आहे. कधीही या.